मेलेल्या लाकडावरच्या बारीक परोपजीवी माशा बघायला घेतलेला २० आणि ४० पटीचा स्टिरिओ मायक्रोस्कोप : नऊ महिने वापरून

आधी हे सांगते की मी हा मायक्रोस्कोप कशासाठी घेतला, कारण चांगला की वाईट ते त्याच्यावरच ठरणार. नाणी बघायची असतील, मोबाईलचं सर्किट दुरुस्त करायचं असेल, मुलांच्या शाळेचा प्रोजेक्ट असेल तर माझं अर्धं लिहिणं तुमच्या कामाचं नाही. मला बघायच्या होत्या मेलेल्या लाकडावर येणाऱ्या परोपजीवी माशा. गांधीलमाशीच्याच खानदानातल्या, पण मोहरीच्या दाण्याएवढ्या, तांदळाच्या कणीएवढ्या, ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि गेलंच तर चिलट समजून हाकलतात.

आमचं घर दापोली तालुक्यात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा वाडीतली सात कलमं आणि एक जुना रायवळ आडवा झाला. कलमांचं लाकूड गेलं, रायवळाचा बुंधा मात्र एवढा जाड की कापायला माणूस मिळेना, मग तो गोठ्यामागे तसाच राहिला आणि दर वर्षी छाटलेल्या फांद्या, वाळलेला फणस, शेवग्याचे ओंडके असं सगळं आम्ही त्याच्यावरच टाकत गेलो. आता तिथे ढीगच झालाय. एका टोकाला ताजं वाळलेलं लाकूड, दुसऱ्या टोकाला हाताने चुरा होईल इतकं कुजलेलं, आणि मधे सगळीकडे भोकं, भोकांच्या खाली पिवळसर भुसा.

गेल्या वर्षी मार्चमधे दुपारी काजू वाळत घालताना त्या ढिगावर एक काळी बारीक माशी चालताना दिसली, पाच मिलिमीटर पण नसेल. ती मिशांनी लाकूड ठोकत ठोकत चालायची, थांबायची, परत दोन पावलं मागे यायची, आणि एका जागी पाय रोवून पोट वर उचललं आणि केसासारखी एक तार सरळ लाकडात घालायला लागली. भोकात नाही हं, साध्या दिसणाऱ्या सालीत. मी तिथेच उकिडवी बसले. आबा मागून आले, म्हणाले, "काय बघतेस गो एवढं?" मी दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं, चष्मा काढला, परत घातला आणि म्हणाले, "ही तर भिरूड काढते."

ज्यांच्याकडे आंबा आहे त्यांना भिरूड सांगायला नको. झाडाच्या खोडात शिरणारी जाडजूड अळी, मोठ्या शिंगाळ्या भुंगेऱ्याची, आतून झाड पोखरते. आबांनी आयुष्यभर तारेचा आकडा करून ती बाहेर ओढली, मग औषधाचा बोळा घालून वरून भोक चिखलाने लिंपलं. त्यांना त्या माशीची तार बघून तेच आठवलं. आणि ते बरंच बरोबर होतं, फरक एवढाच की माशी अळी बाहेर काढत नाही, आतल्या आत तिच्यावर नाहीतर तिच्या शेजारी अंडं घालते आणि मग माशीचं पिल्लू त्या भुंगेऱ्याच्या अळीवर जगतं. लाकडात शिरणाऱ्या अशा काही माशांच्या तारेच्या टोकाला जस्त आणि मँगनीज असतं, त्याने ते टोक कठीण होतं. एवढ्याशा जिवाच्या अंगात धातूचं टोक असलेला गिरमिट आहे हे वाचल्यावर मला रात्री झोप लागली नाही.

त्या दिवसापासून माशी ओळखायचं डोक्यात बसलं. आधी फोनने फोटो काढले. काळा ठिपका. मग फोनला लावायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स मागवली, चारशे-पाचशेची असते ती. मुंगी, ढालकिडा, कोळी यांना ती लेन्स छान आहे, पण तीन-चार मिलिमीटरच्या माशीसाठी फोन इतका जवळ न्यायला लागतो की फोनची सावली पडते आणि माशी उडते. फोटोवरून ओळखणाऱ्या ॲपमधे टाकलं तर "गांधीलमाश्या व नातलग" एवढंच उत्तर. त्यात ॲपची चूक म्हणत नाही मी, फोटोत कंबर दिसत नव्हती, पंखाच्या शिरा दिसत नव्हत्या, मिशीचे भाग मोजता येत नव्हते, मग माणसाने तरी काय ओळखावं. इथे पहिल्यांदा कळलं की या माशांची ओळख रंगावर नसते, अंगावरच्या बारीक बारीक जोडणीवर असते, आणि ती जोडणी दिसेल असं काहीतरी हातात पाहिजे.

तर हा मायक्रोस्कोप. पुण्यात शास्त्रीय उपकरणं विकणाऱ्या एका दुकानातून घेतला, अंबाल्याला बनलेला, दोन डोळ्यांचा, आयपीस १० पटीचे, खाली फिरवून बदलायच्या दोन लेन्स २ आणि ४ च्या, म्हणजे २० पट आणि ४० पट. वरून एक एलईडी, खालून एक एलईडी. साडेनऊ हजार पडले, एसटीने घरी आणला मांडीवर ठेवून. दुकानातल्या माणसाने आधी विद्यार्थ्यांचा साधा मायक्रोस्कोप दाखवला होता, ४०० पटीपर्यंत जाणारा आणि निम्म्या किमतीत, आणि मी जवळजवळ तोच घेत होते. घेऊ नका. तो काचपट्टीवरच्या पातळ पारदर्शक गोष्टींसाठी आहे, कांद्याची साल, रक्त, परागकण वगैरे. त्यात अख्खी माशी घातली तर काळी सावली दिसते, चित्र उलटं दिसतं आणि लेन्स माशीला टेकते. स्टिरिओमधे चित्र सुलट दिसतं, खोली दिसते, आणि लेन्स आणि माशीमधे चार बोटं जागा राहते, त्यामुळे बघता बघता सुईने माशी वळवता येते. या कामाला ही चार बोटं जागाच सगळ्यात महत्त्वाची आहे, पटीचा आकडा नंतर.

२० पटीला साधारण १० मिलिमीटरचा गोल दिसतो, ४० ला ५ मिलिमीटरचा. म्हणजे चार मिलिमीटरची माशी ४० ला जेमतेम अख्खी मावते. मी नव्वद टक्के वेळ २० वरच असते. डावा-उजवा डोळा वेगळा फोकस करायची रिंग एका आयपीसला आहे, ती आधी नीट लावून घ्या, मला आठ दिवस डोकं दुखत होतं ते त्यामुळेच. दोन आयपीसमधलं अंतर पण आपल्या डोळ्यांप्रमाणे सरकवायला लागतं, आबांचं आणि माझं अंतर वेगळं, दर वेळी ते बघून गेले की मला परत लावावं लागतं. काच स्वच्छ आहे, मधे चित्र कडक येतं, कडेला जरा मऊ पडतं. या किमतीत मला ते चालतं.

आता उजेडाबद्दल, कारण याबद्दल आधी कुणी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते. वरचा एलईडी एका बिंदूतून येतो आणि या माशांचं अंग असतं पॉलिश केल्यासारखं, कित्येकांचं तर धातूसारखं हिरवं-निळं. त्याच्यावर तो उजेड पडला की एक पांढरा डाग आणि बाकी सगळा काळोख. अंगावर खाचा आहेत का, जाळी आहे का, केस आहेत का, काही कळत नाही. मी मायक्रोस्कोपला दोष देत राहिले. मग एक दिवस दह्याचा पांढरा प्लॅस्टिकचा कप मधोमध कापला, बुडाला भोक पाडलं, माशीवर उपडा ठेवला आणि भोकातून बघितलं, बाहेरून टेबललॅम्प लावला. डाग गेला. उजेड सगळीकडून मऊ आला आणि जी माशी मला महिनाभर "काळी, गुळगुळीत" वाटत होती तिच्या पाठीवर नारळाच्या करवंटीवर असतात तशा रेषा दिसल्या, आडव्या, ओळीने. तो कप अजून तोच आहे. तेलकट कागद किंवा ट्रेसिंग पेपर गुंडाळून पण चालतो. ज्यांना महागडा लाईट घ्यायचा विचार आहे त्यांनी आधी हे करून बघा.

ओळखीचं काम म्हणाल तर माझ्याकडे गुरू एकच, कॅनडाच्या कृषी खात्याने १९९३ ला काढलेली जगभरातल्या या गटाच्या कुटुंबांची ओळखकिल्ली, साडेसहाशे पानांच्या वर, फुकट उतरवून घेता येते. इंग्रजी जड आहे पण चित्रं भरपूर आणि रेषा स्वच्छ. किल्ली म्हणजे प्रत्येक पायरीला दोन वाक्यं, तुमच्या माशीला त्यातलं कुठलं लागू पडतं ते ठरवायचं आणि पुढच्या पायरीवर जायचं. चुकलात की भलतीकडे पोचता, आणि पोचल्यावर ते कळतं, कारण तिथलं वर्णन जुळत नाही. मग उलटं यायचं.

पहिली पूर्ण जमलेली ओळख म्हणजे तीच मार्चमधली काळी माशी. दोन संध्याकाळी गेल्या. पहिला प्रश्न कंबर आहे का, आहे. मिशी मधे कोपरासारखी दुमडलेली आहे का, नाही, लांब दोऱ्यासारखी, वीसच्या वर भाग. पंखात शिरा आहेत का, भरपूर, बंद खणांसकट. म्हणजे दोन मोठी कुटुंबं उरली, इक्न्युमोनिडी आणि ब्रॅकोनिडी, दोन्हीत प्रत्येकी वीस हजारांच्या वर जाती नोंदल्या गेल्यात. त्यांच्यात फरक कसा करायचा तर इक्न्युमोनिडच्या पुढच्या पंखात बाहेरच्या बाजूला एक जादा आडवी शीर असते, ब्रॅकॉनिडमधे ती जवळजवळ कधीच नसते. ती शीर बघायला मी पंख वेगळा करून ग्लिसरीनच्या थेंबात ठेवला आणि खालचा दिवा लावला. नव्हती. ब्रॅकॉनिड. मग तोंड बघितलं, जबड्याच्या वर एक गोल खळगा, कुणी बोटाने दाबून केल्यासारखा. आणि पुढच्या पायाच्या नडगीवर आखूड जाड काट्यांची ओळ, फणीचे तुटके दात असावेत तशी. ते काटे ४० पटीला दिसले तेव्हा मी आबांना हाक मारली, ते जेवत होते तसेच उठून आले. हे काटे आणि हा खळगा दोन्ही असले की डोरिक्टिनी नावाचं उपकुटुंब, आणि त्यातल्या पुष्कळ जणी लाकडातल्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवरच जगतात. म्हणजे आबा जे चष्मा काढून-घालून एका मिनिटात म्हणाले होते तिथेच मी दोन संध्याकाळींनी पोचले, पण आता मला का ते माहिती होतं.

कॅल्सिड म्हणजे याच परोपजीवी माशांचा आणखी एक मोठा गट, त्यांचा मामला वेगळा. यांच्या पंखात शिरांचं जाळं नसतंच, पुढच्या कडेने एकच शीर जाते आणि तिला शेवटी काडेपेटीच्या काडीसारखी एक बारकी दांडी, टोकाला गुल. मिशी कोपरात दुमडलेली. हे दोन दिसलं की कॅल्सिड म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे शेतकऱ्यांना यातली एक चांगली माहिती आहे, ट्रायकोकार्डवरची ट्रायकोग्रामा, उसाच्या खोडकिड्यासाठी लावतो ती, अर्धा मिलिमीटरची. आणि पपईवर पिठ्या ढेकणाने धुमाकूळ घातला होता तेव्हा २०१० मधे बंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने पोर्तो रिकोहून जी मित्रमाशी आणवली, ॲसेरोफॅगस पपई, ती पण कॅल्सिडच. म्हणजे ज्यांना मी लाकडावर बघते त्यांच्या चुलत बहिणी शेतात आपलं काम करतायत.

लाकडावर मला सगळ्यात जास्त आवडते ती युपेल्मिड, कॅल्सिडमधल्याच एका कुटुंबातली. तीन-चार मिलिमीटर, तांब्याच्या भांड्याला कळकट हिरवा चढतो ना तो रंग, कडेला जांभळी झाक. बाटलीत धरायला गेलं तर उडत नाही, टुणकन उडी मारते, आणि मेल्यावर पाठीकडे दुमडते, डोकं आणि पोटाचं टोक वर येऊन समोरासमोर, होडीसारखी. पहिल्यांदा मला वाटलं मीच चिमट्याने मोडली. नंतर वाचलं की या कुटुंबाची ती खूणच आहे. उडीसाठी छातीच्या कडेचा भाग फुगलेला असतो, एकच मोठी ढाल बसवल्यासारखा, आणि आतले ताणलेले स्नायू सुटले की अंग वाकतं. मधल्या पायाच्या तळव्याखाली काळ्या खुंट्यांची ओळ असते, जमिनीला पकड मिळायला. मायक्रोस्कोपखाली पाय सुईने सरळ करून ती ओळ बघताना श्वास रोखून धरायला लागतो, कारण श्वासाने पण नमुना हलतो.

बाकी युरिटोमिड, टेरोमॅलिड, डायाप्रिड, सेलिओनिड अशा बऱ्याच कुटुंबांतल्या आल्या, त्यांच्याबद्दल लिहायला मी अजून पुरेशा बघितल्या नाहीत. इव्हॅनिड मात्र प्रत्येकाने ओळखावी अशी आहे, पोट एवढंसं, कुऱ्हाडीच्या पात्यासारखं चपटं, छातीच्या अगदी वरून लटकलेलं आणि ती ते सारखं वरखाली हलवते. ही लाकडाची नव्हे, झुरळांच्या अंड्यांच्या पिशव्यांवर जगते, घराच्या खिडकीवर दिसली तर मारू नका.

एक प्रकार लिहिलाच पाहिजे कारण त्याने आमच्या घरातला प्रश्न सुटला. आईच्या खोलीत आंब्याच्या फळ्यांची जुनी पेटी आहे, तिच्याखाली दर उन्हाळ्यात पिठासारखा भुसा पडायचा आणि आईच्या दंडावर, मानेवर लाल गांधी उठायच्या. दोन वर्षं ढेकूण म्हणून गाद्या उन्हात घातल्या, औषध मारलं, काही नाही. मे महिन्यात आई म्हणाली मुंगी चावली बघ, आणि तिने ती चिमटीत धरून दिली. तांबूस, तीन मिलिमीटर, बिनपंखांची. २० पटीखाली ठेवली तर मुंगीची कंबर नव्हती. मुंगीच्या कंबरेला एक किंवा दोन गाठी वर उठलेल्या असतात, हिला काहीच नाही. मुंगीच्या मिशीचा पहिला भाग लांबलचक असतो, हिचा आखूड. डोकं चपटं, लांबट, पुढे काढलेलं, पाय आखूड आणि मांड्या जाड. किल्लीने थेट बेथिलिडी कुटुंबात नेलं, आणि त्यातली बिनपंखांची, लाकडातल्या अळ्यांवर जगणारी, माणसाला डंख मारणारी म्हणजे स्क्लेरोडर्मस. या माद्या स्वतःपेक्षा कितीतरी मोठ्या अळीला डंख मारून लुळी करतात, तिच्यावर अंडी घालतात आणि मग पिल्लं मोठी होईपर्यंत तिथेच राखण करत बसतात. पेटीतल्या भुंगेऱ्यांमागे त्या आल्या होत्या. आम्ही पेटी बाहेर काढली, फळ्या सुट्या करून कडक उन्हात ठेवल्या, पोखरलेल्या दोन बदलल्या. आईच्या गांधी त्यानंतर आल्या नाहीत. साडेनऊ हजारातले निम्मे तिथेच वसूल झाले असं आबा म्हणतात.

आता काय होत नाही ते. जातीपर्यंत पोचता येत नाही. कुटुंब बहुतेक वेळा जमतं, उपकुटुंब कधीकधी, प्रजाती (म्हणजे जीनस) फारच ठळक असेल तर, आणि जात नाही म्हणजे नाही. त्याला जास्त पट लागते, तुलनेला नमुने लागतात, आणि त्या त्या गटाचं आयुष्यभर काम केलेला माणूस लागतो. आपल्या देशात कॅल्सिडवर केरळात कालिकत विद्यापीठात डॉ. टी. सी. नरेंद्रन यांनी केवढं काम करून ठेवलंय, ते २०१३ मधे गेले. आणि कुटुंबं पण स्थिर नाहीत, टेरोमॅलिडी म्हणून जे एक मोठं गाठोडं होतं ते २०२२ मधे सोडून त्यातून बरीच नवी कुटुंबं केली गेली, त्यामुळे १९९३ च्या किल्लीतलं नाव आता जुनं असू शकतं. वहीत मी दोन्ही लिहिते.

कोण कुणावर जगतं हे पण नुसत्या मायक्रोस्कोपने कळत नाही. त्यासाठी खोकं करा. पुठ्ठ्याचं जाड खोकं घ्या, लाकडाचा तुकडा आत, सगळ्या फटी चिकटपट्टीने बंद, एका बाजूला भोक पाडून त्यात पारदर्शक बाटली खोचा. आतून जे जे बाहेर पडतं ते उजेडाकडे म्हणून बाटलीत येतं. माझ्या शेवग्याच्या खोक्यातून सहा आठवड्यात बारीक काळे भुंगेरे आणि दोन प्रकारच्या माशा आल्या. तरी कुठली माशी कुठल्या भुंगेऱ्यातून हे त्याने सिद्ध होत नाही, एका लाकडात चार प्रकारच्या अळ्या असतात. त्यासाठी लाकूड फोडून अळी आणि तिच्यावरचं पिल्लू एकत्र वेगळं ठेवून वाढवायला लागेल, ते या वर्षी करणार आहे.

तक्रारी. खालचा दिवा दहाव्या आठवड्यात गेला. आमच्याकडे व्होल्टेज वरखाली होतं हे खरं, पण वॉरंटी सहा महिन्यांची लिहिलेली असून दुकानाने मायक्रोस्कोप पुण्याला आणून द्या, आम्ही कंपनीला पाठवू, महिना लागेल असं सांगितलं. तीन वेळा फोन केला. शेवटी दापोलीतल्या इलेक्ट्रिशियनने चाळीस रुपयांचा एलईडी घालून दिला, तो अजून चालतोय. माझ्यासारख्या गावात राहणाऱ्याला सुटा भाग टपालाने पाठवला असता तर काय बिघडलं असतं, याचं मला अजून वाईट वाटतं. दुसरं, सोबत आलेला फोनचा अडॅप्टर हलतो, फोन जड असेल तर आयपीस वाकतो, मी रबर बँड आणि लाकडी ठोकळा लावून भागवते. तिसरं, वर घालायचं कव्हर पातळ प्लॅस्टिकचं, त्यात दमट हवा कोंडते. कोकणात हे चालत नाही. जूनमधे एका आयपीसच्या आत कोळिष्टकासारखी बुरशी धरायला लागली होती, वेळेत दिसली म्हणून बरं. तेव्हापासून आयपीस काढून पत्र्याच्या घट्ट डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवते, जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद गरम करून परत निळं करते. नमुने पण तशाच डब्यात, डांबरगोळीसकट, नाहीतर मुंग्या एका रात्रीत सगळं साफ करतात.

नमुन्यांचं म्हणाल तर माशी ७० टक्के स्पिरिटमधे ठेवली की टिकते, पण तिथून काढून थेट वाळवली की अंग चुरगळतं, डोळे आत जातात, विशेषतः कॅल्सिडचे. म्हणून मी काही स्पिरिटमधे ठेवते आणि काही फ्रीजरमधे मारून लगेच जाड कागदाच्या बारक्या त्रिकोणाच्या टोकावर उजव्या कुशीला चिकटवते, डिंकाचा अगदी सुईच्या टोकाएवढा ठिपका. जास्त डिंक लागला की नेमका जो भाग बघायचा तोच बुडतो. प्रत्येकीला चिठ्ठी, तारीख, गाव, कुठल्या लाकडावर. चिठ्ठी नसेल तर ती माशी पुढे कुणाच्याच कामाची नाही. आणि मी एका प्रकारच्या दोन-तीनच्या वर घेत नाही.

पाचपैकी चार देते, दिव्याचा अर्धा आणि दुकानाच्या वागण्याचा अर्धा कापला. पैसे जास्त असतील तर ७ ते ४५ पट झूम होणारा घ्या, हळूहळू वाढवता येतं ते सोयीचं असतं. नसतील तर हाच पुरतो. घेताना दुकानात एखादा मेलेला डास बरोबर न्या आणि त्याच्या पायावरचे खवले दिसतात का बघा, दुकानदार दाखवतात ती नोट सगळ्याच मायक्रोस्कोपमधे चांगली दिसते.

गेल्या आठवड्यात दुपारी रायवळाच्या बुंध्यावर एक लांब काळी माशी दिसली, मान बारीक आणि लांब, तार अंगापेक्षा मोठी, टोकाच्या अलीकडे पांढरा पट्टा. आबांनीच हाक मारली, आता ते दुपारी एकदा तिथे फेरी मारतात. तिला मारायची नव्हती म्हणून बाटलीत घालून दहा मिनिटं फ्रीजमधे ठेवली, गार झाली की दोन मिनिटं शांत बसते. २० पटीखाली घेतली. डोक्यावर पाच दात, गोलाकार, मुकुट घातल्यासारखे, मागच्या मांड्या फुगीर आणि खालून करवतीसारख्या. स्टेफॅनिडी, हिचं पिल्लू पण लाकडातल्या अळीवरच जगतं. आबा म्हणाले मला बघू दे, आणि मी आयपीस त्यांच्यासाठी सरकवत होते तेवढ्यात तिची मिशी हलली. मग ताटली तशीच उचलून मागे नेली, तिने पंख झटकले, उन्हात जरा बसली आणि परत त्याच बुंध्यावर जाऊन लाकूड ठोकायला लागली. आबांचं बघायचं राहिलंय. आज ऊन आहे, दुपारी परत जाऊ.